धर्मशाळेतलं कॉलेज आणि अर्धा रोट

आमचं कॉलेज आधी धर्मशाळा होतं. हे सांगितलं की समोरचा हसतो आणि मला राग येतो. हसण्यासारखं त्यात काय आहे? जळगावात कापसाची चलती होती तेव्हा एका व्यापाऱ्यानं स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर काळ्या दगडाची दुमजली धर्मशाळा बांधली. मधे फरसबंद चौक, चारी बाजूंनी ओसऱ्या, ओसऱ्यांमागे ओळीनं खोल्या, वर लाकडी कठड्याचा सज्जा. चाळीसेक वर्षं तिथं वाटसरू उतरले, जेवले, झोपले, पुढच्या गाडीनं गेले. मग मोठी लढाई संपता संपता त्याच्या वारसांनी ती वास्तू कॉलेजला दिली आणि त्या जूनमध्ये आम्ही पोरं जाऊन तिथं बसलो.

माझं लग्न त्या इमारतीत जमलं आणि माझ्याच तोंडानं मोडलं. दोन्ही गोष्टींना आता जन्म लोटला. तरी अजून जळगावला जायचं झालं की मी रिक्षावाल्याला वाट वाकडी करायला लावतो आणि फाटकाशी उतरतो. पहारेकरी विचारतो, "कोन पाहिजे आबा?" आत न जाता पाच मिनिटं उभा राहतो आणि परत रिक्षात बसतो.

त्या इमारतीशी आमच्या घराचं नातं माझ्याही आधीचं. आमचं गाव यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला. धर्मशाळेचं काम चाललं होतं तेव्हा आमचे आबा, म्हणजे वडिलांचे वडील, ऐन तिशीत होते. डोंगरातलं सागवान गाड्यांवर लादून, उन्हाळ्यात तापी उतरली की वाळूतून बैल हाकत, त्यांनी ते जळगावात पोचवलं होतं. मला कॉलेजात घालायला तेच आले. प्राचार्यांच्या खोलीकडे न जाता ते सरळ ओसरीवर चढले आणि मान वर करून तुळया बघत राहिले. "ही आपली," ते म्हणाले. चार पावलं पुढे गेले. "ही बी आपली." शेजारी उभा असलेला कारकून घाबरला. त्याला वाटलं, म्हातारा जागेवर मालकी सांगायला आलाय.

धर्मशाळेचं कॉलेज झालं खरं, पण धर्मशाळा काही लगेच निघून गेली नाही. खोल्याखोल्यांतून प्रवाशांनी तीन दगड मांडून वर्षानुवर्षं स्वयंपाक केलेला. भिंतींना चुना कितीही फासा, पावसाळी हवेत आतली काजळी पुन्हा वर यायची. इतिहासाच्या तासाला जरा टेकून बसलं की सदऱ्याच्या पाठीवर काळा पट्टा. कॉलेजातला पोरगा बाजारपेठेत पाठीवरून ओळखू यायचा. घोडे बांधायच्या लोखंडी कड्या होत्या, त्यांना आम्ही सायकली साखळीनं बांधायचो. अधूनमधून एखादं खेड्यातलं कुटुंब वळकट्या घेऊन फाटकातून आत यायचं, ओसरीवर पथारी पसरायचं, आणि आतून तर्कशास्त्राचे मास्तर खडू घेऊन बाहेर यायचे. त्यांना समजावून परत पाठवायला अर्धा तास जायचा. आम्हाला तेवढीच सुट्टी.

मागच्या बाजूला वरच्या सहा खोल्या बाहेरगावच्या पोरांना राहायला दिल्या होत्या. कोपऱ्यातली माझी. दुपारी कॉलेज सुटलं की एक जण हमखास त्या खोलीत येऊन आडवा व्हायचा. तो माझा मित्र. त्याचं गाव पाचोऱ्याकडचं, पण वडील गेल्यापासून तो जळगावात मामांकडे राहायचा. मामांच्या घरी लेकरं फार, अभ्यासाला जागा नाही, असं तो म्हणायचा. खरं म्हणजे त्याला झोपायला जागा हवी असायची. माझ्यापेक्षा चार महिन्यांनी लहान, आणि रुबाब मात्र थोरल्याचा. आमची बोली ऐकून तो खदाखदा हसायचा, आणि त्याची ऐकून मी. सगळ्याला तो 'बठ्ठं' म्हणायचा आणि 'आहे'ला 'शे'. आमच्या दोघांची जात एक, कूळ वेगळं. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे सगळं त्यावरच आलं.

त्याची बहीण आमच्याच वर्गात होती. त्याच्याहून वर्षानं लहान, पण मधे तापामुळे त्याचं एक वर्ष बुडालेलं, म्हणून दोघं बरोबर. सगळ्या कॉलेजात चार मुली. त्यांना बसायला जुनं कोठीघर दिलेलं. प्रवाशांचा शिधा पूर्वी तिथं ठेवायचे. एक दार आणि वरच्या अंगाला हातभर खिडकी. तास सुरू व्हायचा तेव्हा मास्तर पुढे आणि त्यांच्यामागे खाली मान घातलेल्या चार मुली अशा वर्गात यायच्या, आणि तास संपला की तशाच ओळीनं जायच्या. दोन वर्षांत मी तिचा चेहरा समोरून किती वेळा पाहिला असेल ते बोटांवर मोजता येईल. वेणी मात्र रोज पाहिली.

ओळख झाली ती वह्यांमुळे. मित्र वर्गात टिपणं घ्यायचा नाही, झोपायचा. मग माझी वही घरी न्यायचा आणि बहीण त्यातून दोघांसाठी उतरवून घ्यायची. पहिल्यांदा वही परत आली तेव्हा समासात शिसपेन्सिलीनं बारीक लिहिलेलं होतं, 'हा राजा त्याचा मुलगा नव्हे, पुतण्या.' मला आधी राग आला. पुस्तक काढून बघितलं तर पुतण्याच होता. पुढच्या आठवड्यात दोन चुका निघाल्या. तिसऱ्या आठवड्यात एकही नाही, आणि मला करमेना. चौथ्या आठवड्यापासून मी मुद्दाम चुका घालायला लागलो. दक्षिणेतली नदी उत्तरेला न्यायची, बापाच्या आधी लेकाला गादीवर बसवायचं. तिच्या ते लगेच लक्षात आलं असणार, कारण एकदा समासात आलं, 'इतकी मोठी चूक करू नये. लहान करावी. शोधायला मजा येते.' ते पान मी किती वेळा उघडून बघितलं असेल! त्या आठवड्यात परीक्षा होती, आणि मी अभ्यास सोडून शोधायला मजा येईल अशा लहान लहान चुका जमवत बसलो होतो.

आता रोटाचं सांगतो.

आमच्याकडे श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. नारळाची देवी करतात, तिला साडी नेसवतात, नथ घालतात, केळीच्या खांबांच्या मखरात बसवतात. त्याआधी घरातल्या माणसागणिक सव्वा मूठ गहू मोजून घेतात आणि ते वेगळे दळतात. त्या कणकेचे करतात ते रोट. ते खायचे भाऊबंदांनीच. परक्याला द्यायचे नाहीत, लग्न होऊन गेलेल्या लेकीलासुद्धा नाही. पौर्णिमेच्या आत सगळे संपवायचे. ज्यांचा रोट एक ते भाऊबंद, आणि भाऊबंदांत सोयरीक होत नाही. नोकरीला मुंबईला गेलेला माणूससुद्धा त्या रविवारी गावी येतोच.

पहिल्या वर्षी मला जाता आलं नाही. तापीला पूर, होडी बंद. सोमवारी देवी उठली, मंगळवारी पाणी ओसरलं, आणि बुधवारी माझा चुलतभाऊ फडक्यात बांधून माझ्या वाटणीचे तीन रोट घेऊन आला. मायचा निरोप होता, एकट्यानं खा, कुणाला देऊ नको, हात धुतलेलं पाणी कुणाच्या पायाखाली जाऊ देऊ नको. चुलतभावाला बाजार करायचा होता, तो निरोप सांगून गेला.

मित्र खोलीत होताच. हिवतापातून नुकता उठलेला, डोळे खोल गेलेले. आठवडाभर कोयनेलच्या गोळ्या खाऊन त्याचं तोंड कडू जहर झालं होतं आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्याला भूक लागली होती. मी फडकं सोडलं, तसा तूप-गुळाचा वास सुटला आणि तो उठून बसला.

"मला दे रे अर्धा."

"हा रोट आहे," मी म्हणालो.

"मला माहीत शे. आमच्याकडे बी असतो." त्यानं माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. "शनिवारचं भाषण विसरलास वाटतं. बहिणीनं बठ्ठं सांगितलं मला."

शनिवारी चौकात वादसभा झाली होती. विषय होता, रूढी टिकवाव्यात की टाकाव्यात. मी टाकाव्यात या बाजूनं बोललो होतो आणि काय बोललो होतो! आवाज चारी ओसऱ्यांत घुमला. टाळ्या पडल्या. प्राचार्यांनी पाठ थोपटली. कोठीघराच्या त्या हातभर खिडकीत कुणीतरी पाटावर चढून उभं होतं, तेही मी पाहिलं होतं. त्या खिडकीसाठीच मी शेवटची पाच मिनिटं जास्त बोललो, खोटं कशाला सांगू?

आता त्याच तोंडानं नाही कसं म्हणू? मी रोट मोडला आणि अर्धा त्याला दिला. त्यानं तो डोळे मिटून, सावकाश खाल्ला. त्याच्या गालावर जरा रंग आला. मला फार बरं वाटलं, आपण सुधारलेले आहोत असं वाटलं. हात आम्ही सज्जातून खाली चौकात धुतले.

ते वर्ष कसं गेलं कळलं नाही. वह्या जात होत्या, वह्या येत होत्या. हिवाळ्यात मुली कोठीघराबाहेर उन्हाला बसायला लागल्या, आणि आम्हा वरच्या खोल्यांतल्या पोरांना एकाएकी सज्जात उभं राहून पाठांतर करायची गोडी लागली. मला पाठांतर येत नाही. तरी उभा राहायचो. ती कधी वर बघायची नाही. पण एकदा वहीत आलं, 'सज्जात पुस्तक उलटं धरू नये.' मित्राला यातलं सगळं कळत होतं आणि तो गंमत बघत होता. मी त्याला एकदा सरळ सांगितलं की मला तुझ्या बहिणीशी लग्न करायचं आहे. तो म्हणाला, "मग मी इतके दिवस वह्या कशासाठी वाहतोय?"

पहिल्या वर्षाची परीक्षा झाली आणि उन्हाळ्यात त्यांचे मामा आमच्या गावी आले. जेवण झाल्यावर त्यांनी आबांपुढे विषय काढला. "आमनी पोर शे, तुमना पोऱ्या शे. दोन्ही एकच कालेजात शिकतस." आबांना शिकलेली सून म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण घर चांगलं होतं, आणि मामा जाताना बैलांची तारीफ करून गेले होते. आबा म्हणाले, दिवाळीनंतर सुपारी फोडू. मी माडीवर उभा राहून ऐकत होतो. मला आयुष्यात इतका आनंद नंतर कधी झाला नाही. हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं आहे. ती भली बाई होती, ती म्हणाली, असू द्या.

जूनमध्ये कॉलेज उघडलं. मित्र नेहमीसारखा माझ्या खाटेवर आडवा पडला आणि छताकडे बघत म्हणाला, "तुमच्या घरी ठाऊक नाही ते बरं शे. मी तुमचा रोट खाल्लाय."

मी ते साफ विसरलो होतो. तोही बोलताना हसत होता, आणि माझं तोंड बघितल्यावर हसायचा थांबला. आमच्या घरी हे कळलं तर तो माझा भाऊबंद ठरणार. तो भाऊबंद, म्हणजे त्याची बहीण ती माझी बहीण. मग कसलं लग्न?

त्यानं ते घरी जाऊन तिला सांगितलं. दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास मी वाचनालयाच्या खोलीतून बाहेर पडलो तर जिन्याच्या तोंडाशी ती उभी. मुली वर कधी येत नसत. त्यांना पुस्तक हवं असलं तर शिपाई नेऊन द्यायचा. ती एकटी, सगळ्यांच्या देखत, तो लाकडी जिना चढून वर आली होती. धाप लागली होती तिला. दोन वर्षांत आम्ही समोरासमोर बोललो ते एवढंच.

"दादाला भूक लागली होती," ती म्हणाली. "त्यानं पोळी खाल्ली. एवढंच झालं ना?"

"एवढंच."

"मग तुम्ही काही बोलू नका. दादा बोलणार नाही. मी बोलणार नाही. चौथ्या माणसाला ठाऊक नाही."

मी म्हणालो, "नाही बोलणार."

"नक्की?"

"नक्की."

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. चेहरा समोरून, अगदी जवळून. मग ती वळली आणि खाली गेली. तिच्या पावलांनी जिना वाजला तो आवाज मला अजून ऐकू येतो. कॉलेजात नंतर सिमेंटचा जिना केला म्हणतात. केला असेल. मी आत जात नाही म्हटलं ना.

श्रावण आला. त्या साली नदी उतारावर होती, मी शुक्रवारीच गावी पोचलो. घरात गडबड होती, पण दबकी. चुलतभावाचं तान्हं पोर आठ दिवस तापानं फणफणत होतं, दूध घेत नव्हतं. वहिनी त्याला मांडीवर घेऊन भिंतीशी बसलेली, तिच्याकडे बघवत नव्हतं.

संध्याकाळी गहू मोजायला सगळे बसले. आमच्या घरची एक रीत होती. घरातली थोरली बाई, म्हणजे माझी मोठी काकू, मोजायच्या आधी प्रत्येकाला विचारायची, मागच्या सालचा रोट घरातच राहिला ना? जो तो म्हणायचा, राहिला. आजवर कुणी दुसरं उत्तर दिलेलं नव्हतं. तीही उत्तराकडे लक्ष न देता विचारायची, सूप हातात, नजर गव्हावर. आबांना विचारलं, वडिलांना विचारलं, काकांना विचारलं. मग माझ्याकडे वळली.

"तुहा रे भाऊ? बाहेरच्या कोनी खाल्ला नही ना?"

मी मनात तयारी करून आलो होतो. एक शब्द तर म्हणायचा होता. नाही. वाटेत बैलगाडीत मी तो दहा वेळा म्हणून बघितला होता. पण तेवढ्यात ते पोर कण्हलं. रडलं नाही, नुसतं कण्हलं. वहिनीनं त्याच्या कपाळावर हात ठेवला. आणि मला वाटलं, आपण खोटं बोललो आणि रात्रीतून याला काही झालं तर? मला, ज्यानं चौकात उभं राहून रूढी टाकायला सांगितल्या होत्या त्या मला, तसं वाटलं. मी जितका वेळ गप्प राहिलो तितकी एकेकाची मान माझ्याकडे वळली.

मग मी सांगितलं. सगळं सांगितलं. अर्धा रोट, हिवताप, सज्जातून धुतलेले हात.

कुणी ओरडलं नाही. मला वाटत होतं आबा उठून मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते थोडा वेळ मिशीवरून हात फिरवत राहिले आणि शांतपणे म्हणाले, "मंग तो आपला भाऊबंद झाला. पोरगं भुकेलं व्हतं, तू दिलं, त्यात वाईट काही नही. पन आता त्याची बहीन ती तुही बहीन. मामाले मी सांगून येतो."

माय डोळ्यांना पदर लावून बसली होती. मोठ्या काकूनं सूप पुढे ओढलं आणि मोजायला लागली. एकेकाचं नाव घ्यायची आणि सव्वा मूठ गहू टाकायची. आबा, वडील, काका, चुलतभाऊ, ते तापलेलं पोर, मी. सगळे झाल्यावर ती थांबली. मला विचारलं, "तुह्या दोस्ताचं नाव काय रे?" मी सांगितलं. तिनं त्याचं नाव घेतलं आणि त्याच्या नावानं सव्वा मूठ गहू टाकले. अगदी प्रेमानं टाकले. ते गहू सुपात पडताना मी बघत होतो आणि मला कळत होतं की आता संपलं. रागावर काही तोड निघाली असती. या मायेवर तोड नव्हती.

ते पोर तिसऱ्या दिवशी बरं झालं. भुसावळच्या डॉक्टरचं औषध लागू पडलं असं मी म्हणतो, घरातले कानबाई म्हणतात. आज तो नातवंडांचा आजोबा आहे आणि भेटला की माझ्या पाया पडतो. त्याच्यावर मी कधी राग धरला नाही. एकदा धरायचा प्रयत्न केला होता, जमलं नाही.

मी परत गेलो तेव्हा आबा आधीच मामांकडे जाऊन आले होते. मामांनीही मान डोलावली होती. त्यांच्या घरीही कानबाई बसते, त्यांना वेगळं समजवावं लागलं नाही. मित्र दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी आला, खाटेवर न पडता खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "तुला एक शब्द म्हणता आला नाही?" त्याच्यासाठी आणलेले रोट मी पुढे केले. त्यानं ते खाल्ले. दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं आणि आम्ही एकमेकांकडे बघत नव्हतो.

वही मी पुन्हा पाठवली. त्यात तीन चुका ठेवल्या होत्या, लहान लहान, शोधायला मजा येईल अशा. वही परत आली. टिपणं उतरवून घेतलेली होती, कारण पानं दुमडलेली होती. समास कोरा होता. मी प्रत्येक पान उजेडाकडे धरून बघितलं, काही लिहून खोडलंय का म्हणून. काही नव्हतं. त्यानंतर ती इमारत मला खायला उठायची. सज्जात गेलो की खाली कोठीघराचं दार. वाचनालयात गेलो की जिना. वर्गात तर पुढच्या बाकावर तिची वेणी होतीच, रोज, मार्चपर्यंत.

पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न ठरलं. मुलगा धुळ्याचा, वकिलीची परीक्षा दिलेला. चांगला होता, आजही त्याच्याबद्दल वाईट बोलता येत नाही. स्वातंत्र्य यायला तीन महिने होते, कापड मिळत नव्हतं, साखर मिळत नव्हती, तरी लग्न थाटात करायचं मामांच्या मनात होतं. धर्मशाळा कॉलेजला देताना व्यापाऱ्याच्या वारसांनी अट घातली होती की सुट्टीत गावातल्या लग्नांना चौक द्यायचा. म्हणून मांडव आमच्या कॉलेजातच पडला. वऱ्हाड इतिहासाच्या वर्गात उतरलं आणि नवरदेव पाठीवर काळा पट्टा घेऊन बोहल्यावर आला. मित्रानं आणि मी तो ओल्या फडक्यानं पुसला.

आमचं सगळं घर लग्नाला आलं होतं. भाऊबंद म्हणून आलं होतं. मायनं तिला साडी नेसवली, मोठ्या काकूनं हळद लावली. आबा तुळयांखाली मानानं बसले होते. मी वाढपात होतो, मुद्दाम होमापासून लांब. तेवढ्यात भटजींनी हाक मारली, लाह्या घालायला भाऊ कुठं आहे? मित्र पुढे झाला. पण मामांनी त्याला हातानं अडवलं आणि इकडेतिकडे बघत म्हणाले, "थोरला तो ना? मग मान त्याचा."

चार महिन्यांनी मोठा होतो मी.

हातातलं पातेलं कुणीतरी घेतलं आणि मला पुढे ढकललं. मित्रानं लाह्यांचं सूप माझ्या हातात दिलं. त्यानं माझ्या दंडाला घट्ट धरलं आणि सोडलं. ती होमासमोर उभी होती, पुढे ओंजळ केलेली. नवरदेवाचे हात तिच्या हातांखाली होते. तीन वेळा घालायच्या असतात. पहिल्यांदा घातल्या तेव्हा माझा हात इतका थरथरत होता की अर्ध्या लाह्या खाली फरशीवर सांडल्या. बायका हसल्या. एक म्हणाली, भाऊ फार हळवा दिसतोय.

दुसऱ्यांदा मी सूप पुढे केलं तेव्हा तिनं मान वर केली नाही. ओठ जेमतेम हलले.

"हात कापू देऊ नका," ती म्हणाली. "सगळे बघतायत."

मी हात आवरला. दुसरी ओंजळ भरली, मग तिसरी भरली, एकही लाही सांडली नाही. तिनं मला तोंडानं दोनदाच काही सांगितलं होतं. त्यातलं हे एक मी ऐकलं.